आधी अर्थ, मग भाषा: गोव्यातल्या मिसळलेल्या वर्गात मुलांचं ऐकायचं कसं

प्रशिक्षणाहून परतलेली बाई सोमवारी वर्गात जाते, बाक भिंतीला लावते, मुलांना गोल बसवते आणि म्हणते, "आज तुम्ही बोला, मी ऐकते." चार मुलं बोलतात. एरवीही तीच चार बोलतात. बाकीची एकमेकांच्या पायांकडे बघत बसतात. बुधवारपर्यंत बाक पुन्हा रांगेत येतात आणि "आमची मुलं बोलतच नाहीत" हे वाक्य स्टाफरूममध्ये वर्षभर पुरतं.

मीही हे केलं आहे, दोनदा. चूक क्रमाची होती. बोलायला सांगणं ही खरं तर पाचवी पायरी, ती आपण पहिली घेतो. फोंडा तालुक्यात कारखान्यांच्या वसाहतीलगत मराठी प्राथमिकला शिकवताना जो क्रम हळूहळू हाती लागला, तो इथे देते. पहिली ते चौथी एकाच खोलीत असलेल्या शाळेलाही तो चालतो. उलट तिथे अधिक सोपा जातो, कारण पट लहान असतो.

टप्पा १: पट घेऊन बसा, मुलं यायच्या आधी

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला एक पान. त्यावर चारच गोष्टी: मूल स्वतःचं नाव कसं उच्चारतं, घरी कोण कोणत्या भाषेत बोलतं, शाळेची चिठ्ठी घरी कोण वाचू शकतं, आणि ऐकण्या-बघण्याची काही अडचण दिसते का. पान भरायला जूनचा अख्खा महिना लागला तरी चालेल.

घरच्या भाषेपाशी सगळ्यात जास्त चुका होतात. कर्नाटकातून आलेल्या प्रत्येक मुलापुढे आपण "कन्नड" लिहून मोकळे होतो. त्यातली कित्येक लमाणी असतात. घरी लमाणी बोलतात, कन्नड त्यांची बाजारातली भाषा. मुसलमान घरातल्या मुलाची भाषा "उर्दू" लिहितो, पण घरी दख्खनी हिंदी असते किंवा चक्क कोंकणी. आणि गोव्यातल्याच हिंदू घरातल्या मुलापुढे "मराठी" लिहिताना तर आपला हात अडखळतसुद्धा नाही. आरती मराठीत, भजन मराठीत, म्हणून घर मराठी असं आपण धरून चालतो. ते मूल आईकडे उदक मागतं, पाणी मागत नाही.

ही माहिती कशी मिळवायची? वर्गात उभं करून "तुझी भाषा कोणती?" असं अजिबात विचारू नका. मधल्या सुट्टीत पाव-भाजी खाताना बाजूला बसा आणि विचारा, "आजी तुला हाक कशी मारते?" किंवा "घरी मांजराला कसं हाकलता?" भाषा आपोआप बाहेर येते.

*सावध:* या वहीत जात लिहू नका. शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी ती कार्यालयात असते, तिथेच राहू द्या. "एसटीवाले कोण कोण, हात वर करा, फॉर्म आलेत" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. फॉर्म पाकिटात घालून पालकाच्या हाती देता येतो. गावडा, कुणबी, वेळीप समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ साली झाला. पण फॉर्मसाठी वर्गात हात वर करायला लावलं की त्याच क्षणी पोराला कळतं, आपला गट वेगळा.

टप्पा २: नाव नीट घ्या

हा टप्पा लहान आहे, पण तो वगळला तर पुढचं काहीच लागत नाही. हजेरीपटावरचं नाव आणि मुलाचं नाव यांत फरक असू शकतो. उत्तर कर्नाटकातल्या मुलाच्या आडनावाच्या जागी गावाचं किंवा वडिलांचं नाव असतं. त्या नावानं हाक मारली तर मूल वळूनही बघत नाही आणि आपण त्याला बेशिस्त ठरवतो. पोर्तुगीज वळणाची नावं आपण पटावरच्या इंग्रजी अक्षरांवरून वाचतो, घरी ती वेगळीच उच्चारली जातात. मुलाकडून तीन वेळा म्हणवून घ्या, आपल्या पद्धतीनं देवनागरीत वहीत लिहा, आणि चुकलं तर "परत सांग हं, माझी जीभ वळत नाही" असं मोकळेपणानं म्हणा. बाईंची जीभ वळत नाही हे ऐकून मुलांना फार आनंद होतो.

"घाटी", "भायले" (बाहेरचे), "बिहारी" हे शब्द वर्गात तर नकोतच, स्टाफरूममध्येही नकोत. भिंती पातळ असतात.

टप्पा ३: खोली ऐकण्याजोगी करा

पत्र्याच्या छपरावर आषाढाचा पाऊस कोसळत असताना वर्गचर्चा घेऊ नका. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात कितीतरी तास असे जातात की तिसऱ्या बाकापलीकडे काही पोचत नाही. अशा तासासाठी पाटीचा खेळ राखून ठेवा: प्रश्न फळ्यावर, उत्तर पाटीवर, सगळ्यांनी एकदम पाटी वर करायची. सगळ्यांची उत्तरं एका नजरेत दिसतात. लाजाळू मुलांना तर हाच तास आवडतो.

कोरड्या दिवशी पंख्याचा आवाज, रस्त्यावरचे ट्रक आणि शेजारच्या वर्गातले पाढे यांचा अंदाज घ्या. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय सोडा. ओठ बघून अर्धं समजून घेणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ती तसं सांगत नाहीत.

*तपासा:* मूल पाठमोरं असताना दोन-तीन पावलांवरून हळू आवाजात त्याचं नाव घ्या. वेगवेगळ्या दिवशी तीनदा प्रतिसाद आला नाही, तर वहीत नोंद करा, पालकांशी बोला आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. निदान आपण करायचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, वाचन-लेखनातली विशिष्ट अक्षमताही त्यांत आहे. कुठल्या मुलाला नेमकं काय आहे हे ठरवणं आपलं काम नाही. आपलं काम त्याला पहिल्या बाकावर खिडकीकडे पाठ करून बसवणं. खिडकी मागे असली की उजेड आपल्या तोंडावर पडतो आणि आपले ओठ त्याला स्वच्छ दिसतात.

टप्पा ४: वर्गाचे करार, तीनच

दहा नियमांचा तक्ता टांगू नका. माझे तीन होते. एक बोलत असेल तर दुसऱ्यानं मधे तोंड घालायचं नाही. कुणी चुकलं तर "हसू नका" असं म्हणत बसण्याऐवजी "मला वेगळं वाटतं" असं म्हणायचं. आणि "पुढच्याला विचारा" असं म्हणायची मुभा सगळ्यांना. तिसऱ्यावर सहकारी हसले होते. पण पळवाट हातात असली की मूल पळत नाही, हे मी दोन महिन्यांत बघितलं.

पहिला करार सगळ्यात जास्त वेळा आपणच मोडतो.

टप्पा ५: विचारा आणि थांबा

अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा असं दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. ही वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेली तर उत्तरं लांब येतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी गप्प असलेली मुलंही बोलायला लागतात. रो यांनी दोन थांबे मोजले होते: एक प्रश्नानंतरचा, दुसरा मुलाच्या उत्तरानंतरचा. दुसरा आपण विसरतोच. मूल एक वाक्य बोलून श्वास घेतं तोवर आपलं "शाब्बास, बस" होऊन जातं, आणि त्याचं खरं वाक्य पोटातच राहतं.

तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गात उभं राहून मोजा, घाम फुटतो. शिवाय आपल्या मुलांना तीन पुरत नाहीत. मराठी प्रश्न कोंकणीत किंवा लमाणीत न्यायचा, उत्तर तिथे शोधायचं, परत मराठीत आणायचं. मी मनातल्या मनात सात मोजते. मोजताना खडूचा तुकडा बोटांत फिरवते, म्हणजे हात घड्याळाकडे जात नाही.

क्रम असा ठेवा:

१. प्रश्न एकदाच, सावकाश विचारा. लगेच दुसऱ्या शब्दांत फिरवून विचारू नका. मूल पहिल्याचा अर्थ लावत असतं, त्याला वाटतं नवा प्रश्न आला.

२. सात मोजा. हात वर झाले तरी कुणालाच उठवू नका.

३. "शेजाऱ्याला सांगा, कुठल्याही भाषेत" असं म्हणा. एक मिनिट. आधी स्वतः विचार, मग जोडीत, मग सगळ्यांपुढे, ही रीत फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडली. आपल्याकडे तिचा खरा फायदा "कुठल्याही भाषेत" या दोन शब्दांत आहे. वर्ग एकदम गजबजतो. मुख्याध्यापक डोकावून गेले तर जाऊ द्या.

४. आता नावानं विचारा, पण "तुम्ही दोघांनी काय ठरवलं?" असं. एकट्याच्या डोक्यावर चूक येत नाही.

*सावध:* लक्ष नाही म्हणून शिक्षा द्यायला प्रश्न विचारू नका. तसंच, डोंगरावरच्या धनगरवाड्यावरून चालत येणारं मूल उशिरा पोचलं की त्याला दारातच "सांग बघू" म्हणायचा मोह आवरा. त्याला आधी पाणी पिऊ द्या.

टप्पा ६: उत्तर घ्या

सगळी मेख इथे आहे, म्हणून थोडी लांबण लावते.

दुसरीच्या वर्गात अन्नावरचा पाठ चालू होता. मी विचारलं, "आई भात कशात शिजवते?" तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "भात शेतांत आसता, टीचर. शिजता तें शीत." वर्ग हसला. मी म्हटलं, "मराठीत बोल बघू, भात म्हणायचं." ती बसली. ती दिवाळीपर्यंत पुन्हा उठली नाही.

माझ्या हातून तिथे काय निसटलं ते बघा. कोंकणीत भात म्हणजे साळ, शिजलेलं ते शीत. मुलगी बरोबर होती, एवढंच नव्हे, तिनं शेतातलं आणि टोपातलं वेगळं करून दाखवलं होतं, आणि तोच तर पाठाचा विषय. त्याच वर्गात मागे कन्नड बोलणारा मुलगा होता. कन्नडमध्ये साळीला भत्त म्हणतात, कच्च्या तांदळाला अक्की आणि शिजलेल्याला अन्न. म्हणजे भात शेतात असतो यावर दोघांचं एकमत होतं, आणि मी फळ्यावर लिहिलेलं "अन्न" हे शीर्षक त्या मुलाला फक्त ताटातल्या शितापुरतं कळत होतं. मी चपातीचं चित्र दाखवून "हेही अन्न" म्हणत होते आणि तो माझ्याकडे बाईंना काही झालंय की काय अशा नजरेनं बघत होता. सहा शब्द, तीन भाषा. फळ्यावर तीन रकाने आखले असते तर अख्खा पाठ मुलांनीच शिकवला असता. पुढच्या वर्षी तसंच केलं. शेत, पोतं, टोप अशी तीन चित्रं काढली आणि प्रत्येकाखाली घरचा शब्द लिहायला लावला.

तेव्हापासून उत्तर घेण्याचा क्रम पक्का केला:

१. पूर्ण ऐका. पेन खाली, पुस्तक मिटलेलं, नजर मुलाकडे.

२. मुलाचेच शब्द परत म्हणा: "भात शेतात असतो, शिजतं ते शीत. असंच ना?" त्याला हो-नाही म्हणू द्या.

३. अर्थाबद्दल एक प्रश्न विचारा: "मग शेतातलं भात टोपात येईपर्यंत त्याचं काय काय होतं?"

४. मगच पुस्तकातला शब्द द्या, आणि तो जोड म्हणून द्या: "आपल्या पुस्तकात शिताला भात म्हटलंय." त्याच्या शब्दाच्या जागी बसवायला नव्हे.

पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट चौथीवर उडी मारणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. "शुद्ध बोल" हे तिचं दुसरं नाव. लिहिताना मराठी शुद्ध हवंच, मी वह्या तांबड्या शाईनंच तपासते. पण बोलतं मूल वही नव्हे.

गोव्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, तो उघडच बोलावा. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोंकणी राजभाषा केली आणि मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा दिली. त्यावरचा वाद आपल्या घराघरांत आहे. मोठ्यांनी तो जरूर घालावा. आठ वर्षांच्या पोरीनं "शीत" म्हटलं तेव्हा ती कुठल्याच बाजूनं बोलत नव्हती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये तर मुलाला भीतीशिवाय मत मांडता यावं आणि शक्य तिथे शिकवणं मातृभाषेतून व्हावं, असं लिहिलेलंच आहे.

*तपासा:* चतुर्थीच्या सुट्टीनंतर "गणपतीला काय काय केलंत?" असा निबंध दिला की काही मुलं दहा ओळी लिहितात, काही कोरं पान देतात. "सुट्टीत घरात कुणी काय रांधलं?" असा विषय द्या. नेवऱ्या येतील, बिर्याणी येईल, आणि कुणाच्या घरी रोजची पेजच असेल तर तीही येईल.

टप्पा ७: गप्प राहणारं मूल

नव्या भाषेच्या वर्गात आलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने, बोलत नाही. ते ऐकत असतं. त्याला फळा पुसायला द्या, चित्रं लावायला द्या, हो-नाहीचे प्रश्न मानेनं सोडवू द्या, दोघांत वाचायला द्या. जोडीदार शक्यतो त्याच्या भाषेचा आणि थोडं मराठी येणारा. मात्र त्या जोडीदाराला कायमचा दुभाष्या करू नका. दोघांचंही शिकणं अडतं.

घरीही बोलत नसेल, किंवा आधी बोलणारं मूल अचानक मिटलं असेल, तर ते वेगळं प्रकरण. तिथे वाट पाहू नका.

टप्पा ८: जड गोष्ट कानावर आली तर

ऐकणारा शिक्षक मिळाला की मुलं खरंच सांगायला लागतात, आणि सगळंच सोपं नसतं. या टप्प्याची तयारी आधीच हवी.

मूल मार, उपासमार किंवा नकोशा स्पर्शाबद्दल बोललं तर इतरांपासून बाजूला, पण दार उघडं ठेवून बसा. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते पाळता येत नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुला मदत करतील अशाच माणसांना मी सांगेन" एवढं म्हणा. खोदून तपशील काढू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, मूल बोललं ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. "आधी घरच्यांशी बोलून बघू", "शाळेचं नाव जाईल" या दोन वाक्यांत दिवस जातात. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन रात्रंदिवस चालते. नंबर मुलांना पाठ असू द्या. आणि स्टाफरूममध्ये त्या मुलाचं नाव निघता कामा नये.

टप्पा ९: पालक

पालकसभा सकाळी अकराला ठेवायची आणि "हे लोक येतच नाहीत" म्हणायचं, असं आपलं चालतं. कारखान्यातल्या पाळीच्या वेळा विचारा, दोन वेळा ठेवा. चिठ्ठीऐवजी आवाजी संदेश पाठवा. दुभाष्या म्हणून त्याच मुलाला उभं करू नका: "बाई म्हणतात मी हुशार आहे" असं भाषांतर मी स्वतः ऐकलं आहे, आणि मी तसलं काही म्हटलं नव्हतं. सभेत पहिली पाच मिनिटं पालकांची. "तुमचं मूल घरी कशाबद्दल जास्त बोलतं?" हा प्रश्न पुरतो.

टप्पा १०: पंधरवड्याची मोजणी

बाकांचा नकाशा काढा. एका तासात ज्याला विचारलंत त्याच्या चौकोनात टिंब, जो पूर्ण वाक्य बोलला त्याच्यात रेघ. आपण मोजतोय हे विसरायला होतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवा. माझ्या पहिल्या नकाशावर जवळजवळ सगळ्या रेघा पहिल्या दोन बाकांवर आणि फळ्याच्या उजव्या बाजूला होत्या. मी उजव्या हातानं लिहिते, त्यामुळे लिहून वळले की नजर तिकडेच जाते. पुढच्या पंधरवड्यात मुलांच्या जागा न बदलता मी स्वतः उभी राहायची जागा बदलली.

रिकामे चौकोन वहीतल्या पानांशी ताडून बघा. एकाच वस्तीची, एकाच भाषेची किंवा नुसत्या मुलीच रिकाम्या असतील, तर टप्पा ५ वर परत जा.

चौथीची मुलं पुढे हायस्कूलला पाचवीत जातात आणि बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजी माध्यमात पडतात. बोलकी झालेली पोरं तिथे पुन्हा मुकी होतात. म्हणून एप्रिलमध्ये प्रत्येक पानाची एक छोटी चिठ्ठी करून नव्या वर्गशिक्षकांना स्वतः नेऊन द्या. त्यात नावाचा उच्चार, घरची भाषा, कुठे बसवलं की ऐकू येतं आणि कशाबद्दल विचारलं की बोलतं, एवढंच लिहा. टप्पा ८ मधलं काहीही त्या चिठ्ठीत जाऊ देऊ नका.